हजेरी

फिलोमिना टीचरची गाडी आंबोलीचा घाट उतरून आली
ती तिसऱ्या गिअरला अडून बसलेली.
उतारावर कळलंच नाही म्हणाल्या,
कळलं ते आजगावच्या चढावर,
डॅशबोर्डवर पिवळा दिवा
आणि मागे भोंगा वाजवणारा खडीचा ट्रक.

टीचरच्या डाव्या गुडघ्यात पट्टी आहे.
क्लच दाबायला नको म्हणून ही ऑटोमॅटिक,
सेकंडहँड, पेन्शनमधून.

मी स्कॅनर लावला.
स्कॅनर अडखळत नाही. पी शून्य सात वीस:
गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर
उत्तर देत नाही.
बाबलो म्हणाला, "सेन्सर गेलो. बदलून टाकूया."
बदलला. कोल्हापूरहून मागवून, चार हजार सहाशे.
टीचरनी मोजून दिले,
त्यात पन्नासाच्याही नोटा होत्या.

नवव्या दिवशी गाडी परत.
तोच दिवा, तोच आकडा.

शटर अर्धं ओढून
मी स्टुलावर बसलो. मिठागराकडून वारा येत होता.

काय असतो हा सेन्सर?
अंगठ्याएवढं लोहचुंबक, भोवती बारीक तार.
समोरून चाकाचा एक दात गेला की म्हणतो, हजर.
पुढचा दात. हजर. पुढचा. हजर.
पलीकडे कॉम्प्युटर वही उघडून बसलेला,
हजेरी बघून गिअर ठरवणारा.
आवाज थांबला की तो घाबरतो,
सगळ्यांना तिसरीत कोंडून ठेवतो.

चौथीच्या पटावर मी एकविसावा.
टेमकर सगुण.
ह माझ्या तोंडात रुतायचा, ओहोटीला होडी रुतावी तसा.
ह... ह...
तोवर टीचर बाविसाव्या नावावर.
एका महिन्यात माझ्या रकान्यात अकरा फुल्या,
आणि मी रोज दुसऱ्या बाकावर,
शर्टाची गुंडी चावत.

जुना सेन्सर खोक्यात पडून होता.
मीटर लावला. सहाशे बारा ओहम.
हवेत तेवढेच.
हे आधी करायचं असतं, दोन मिनिटांचं काम.
स्कॅनर नाव सांगतो, गुन्हा सांगत नाही,
हे बाबल्याला मीच शिकवलेलं, छाती फुगवून.

मग तारेमागे लागलो.
सेन्सरपासून कॉम्प्युटरपर्यंत, वीत वीत,
चिमटीत धरून वाकवत, एक डोळा मीटरवर.
बॅटरीच्या ट्रेखाली वाकवली
आणि आकडा नाहीसा झाला.
सोडली, आला. वाकवली, गेला.
वरून रबर नव्यासारखं.
चिरलं तर आत तांबं हिरवंगार,
नखाने भुगा झाला.
चार वर्षं ही गाडी आगराच्या बांधाला उभी असते.
मीठ कुठून शिरलं, ते मिठालाच ठाऊक.

तीन इंच तार कापली, नवी जोडली,
डाग दिला, वर नळी चढवली.
कोड पुसून रेडीपर्यंत जाऊन आलो:
दुसरा, तिसरा, चौथा,
कधी बदलले ते पोटातल्या पाण्यालाही कळलं नाही.

टीचरना काय सांगायचं
ते बोनेटसमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.
तरी व्हायचं तेच झालं.
"सेन्सर ब-बरा होता. च... च..."
त्या थांबल्या.
मध्ये शब्द पुरवला नाही,
घड्याळाकडे पाहिलं नाही.
"...चूक माझी. हे चार हजार सहाशे."
त्यांनी पैसे मोजले, तारेचे तीनशे काढून ठेवले,
बाबल्याला विचारलं, दहावीचं काय झालं.
बाबलो टायरमागे गेला.

गाडी वळवताना काच खाली झाली.
"टेमकर," म्हणाल्या,
पुढे काहीच नाही.

मी हात वर केला.
हातात अजून दहाचा पाना होता.